बोंडअळीचे नर आणि तुटलेले गुणसूत्र

जळगाव-धुळ्याच्या कपाशीतल्या कामगंध सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे फक्त नर पतंग अडकतात. मादीच्या गंधाची ती नक्कल. पण वंध्य करून सोडायला लाखो नुसते नरच हवे असतील तर? हा प्रश्न मला गुणसूत्रांपर्यंत घेऊन गेला.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते. पतंगांत उलटे: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यांच्या माद्यांत गुणसूत्रांची नेहमीची अदलाबदल होतच नाही. ती जबरदस्तीने घडवावी लागते. चेकोस्लोव्हाकियातल्या मारेक आणि मिर्ची यांनी पिठातल्या पतंगावर गॅमा किरण सोडून झेडचा तुकडा डब्ल्यूला जोडला. हे काम १९९० साली प्रसिद्ध झाले.

उपयोग असा. नराच्या दोन झेडांवर दोन वेगळे घातक दोष ठेवायचे. एकाचा दोष दुसरा झाकतो, नर जगतो. त्याच वाणाच्या मादीला डब्ल्यूवरचा तुकडा तारतो. मात्र हा नर साध्या मादीशी जुळवला, की लेकी जन्माआधीच मरतात आणि लेक तेवढे उरतात. रेशीमकिड्यात सोव्हिएत शास्त्रज्ञ स्त्रुन्निकोव्ह यांनी हे आधीच साधले होते. मला यातली निर्दय काटकसर थक्क करते.

अमेरिकेने २०१८ साली गुलाबी बोंडअळी हटल्याचे जाहीर केले. तिथे मात्र नर-मादी दोन्ही वंध्य करून सोडले होते, जोडीला बीटी कापूस होता. खानदेशात लहान शेते एकमेकांना लागून. एकाने फरदड ठेवली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो.