उघडें विद्यापीठ आणि एकटा विद्यार्थी

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांव हें कांहीं विद्यापीठाचें ठिकाण नव्हे. तेथील मुलास अथवा मुलीस एखादा विषय खोलवर शिकावयाचा असेल, तर अमरावती, नागपूर किंवा पुणें हीं नांवें तोंडीं येतात. आणि त्यांच्या पाठोपाठ खोलीचें भाडें, खाणावळ व प्रवासखर्च यांचा हिशेब येतो. पुष्कळ घरांत शिक्षणाचा विचार त्या हिशेबापाशींच थांबतो. अशा घरांकरितां गेल्या पंचवीस वर्षांत जी नवी सोय झाली आहे, तिची ओळख आज करून घेऊं.

तिचा एक ठळक आरंभ अमेरिकेंत झाला. तेथील एमआयटी या नामांकित संस्थेनें २००१ सालीं जाहीर केलें कीं, आपल्या वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या विषयांचीं टिपणें, स्वाध्याय व प्रश्नपत्रिका इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य पाहावयास मिळतील. आणि २००२ सालीं पहिले ५० अभ्यासक्रम प्रसिद्धहि झाले. आपल्याकडे २००३ पासून सात आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून ‘एनपीटेल’ हा उपक्रम उभारला. पुढें ९ जुलै २०१७ रोजीं भारत सरकारनें ‘स्वयम्’ सुरू केलें. त्यांत प्रत्येक विषयाचे चार भाग असतात: व्याख्यानाची चित्रफीत, वाचनाचें साहित्य, स्वतःस तपासण्याचे प्रश्न आणि शंकांची चर्चा. जेथें इंटरनेट मंद चालतें, तेथें ‘स्वयंप्रभा’च्या वाहिन्या तबकडीवरून दूरचित्रवाणी-संचावर पाहतां येतात.

परंतु ज्ञान आणि पदवी यांतील भेद येथें नीट ध्यानांत ठेविला पाहिजे. एमआयटीचें हें साहित्य वापरणारास त्या संस्थेची पदवी मिळत नाहीं, कीं तेथील प्राध्यापकांस शंका विचारण्याचा हक्क मिळत नाहीं. एनपीटेलचें शिक्षण विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवें असल्यास मात्र फी भरून नेमलेल्या केंद्रावर परीक्षेस बसावें लागतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनीं एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळविण्याची मुभा दिली, तथापि आपलें विद्यापीठ ते मान्य करील कीं नाहीं, हें नांव नोंदविण्यापूर्वीं विचारून घ्यावें. ज्यास पदवीच हवी, त्यास १९८९ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तेथें फी पडते. पण अभ्यासकेंद्र, परीक्षा आणि पदवी या तिन्ही गोष्टी मिळतात.

मग महाविद्यालयांत असतें आणि या साहित्यांत नसतें, असें काय? वेळेची घंटा, चुका दाखविणारा गुरु आणि बाकावरचा सोबती. हे असे अभ्यासक्रम आरंभणारे पुष्कळ व तडीस नेणारे थोडे, असा जगभरचा अनुभव आहे, तो या उणिवेमुळेंच. ती उणीव विद्यार्थ्यानें स्वतः भरून काढावयाची. एका वेळीं एकच विषय घ्यावा आणि रोजचा तास ठरवावा. व्याख्यान ऐकून झाल्यावर उदाहरण आधीं स्वतः वहींत सोडवावें, मगच उत्तर उघडावें. नुसतें ऐकत राहिल्यानें सर्व समजल्याचा भास मात्र होतो. गांवांत त्याच विषयाचा एखादा सोबती मिळाल्यास आठवड्यांतून एकदां त्यास तो पाठ समजावून सांगावा. इंग्रजीची अडचण असेल, तर व्याख्यानाची लेखी प्रत आधीं वाचावी. एनपीटेलच्या कांहीं विषयांच्या अशा प्रती मराठींतहि मिळतात.

आतां दोन शब्द वडील मंडळींस. मुलगी कानास यंत्र लावून मोबाइलपुढें बसली, म्हणजे ती रिकामीच आहे असें समजून तिला पाणी भरावयास उठविलें जातें. कॉलेजांत गेलेल्या तिच्या भावास मात्र तासाच्या मध्येंच कोणी घरीं बोलावीत नाहीं. पैसे मोजले नाहींत, म्हणून तें शिक्षण नव्हे, अशी ही समजूत आहे. तिच्या वहींतील सोडविलेलीं उदाहरणें महिन्यांतून एकदां आपण पाहावीं, म्हणजे अभ्यास चालला आहे कीं नाहीं, तें कळेल. आणि चालला असेल, तर तो तास घरांतील सर्वांनीं शाळेच्या तासाप्रमाणेंच पाळावा. या विद्यापीठाची फी आपणांस द्यावयाची नाहीं. तो एक निवांत तास मात्र आपणच द्यावयाचा आहे.