कुत्र्या-मांजरांचं वजन: नुसत्या नजरेवर सोडू नका

आजचा विषय घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या वाढलेल्या वजनाचा आहे, पण सुरुवात वांगणीपासून करू. वांगणी म्हटलं की अनेकांना कर्जत लाइनवरचं स्टेशन आठवतं. मी म्हणतोय ती जव्हारची वांगणी, आताच्या पालघर जिल्ह्यातली. ‘वावर-वांगणी’ हे नाव महाराष्ट्रभर झालं ते 1992 साली, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. त्या दुःखाची आणि आपल्या कुत्र्याच्या चरबीची तुलना होऊच शकत नाही, मी ती करतही नाहीये. तिथली एक पद्धत तेवढी आपल्याला घ्यायची आहे. मूल ‘बरं दिसतंय’ म्हणून अंगणवाडीची ताई थांबत नाही. ती ठरलेल्या दिवशी वजन करते, तक्त्यावर ठिपका मांडते आणि रेघ कुठे चाललीय ते बघते. कारण रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या जिवातला बदल घरच्यांना दिसत नाही.

आपल्या घरात हेच उलट्या दिशेने होतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बकऱ्यांमागे रानात जाणारं कुत्रं आठवा. वरून पाहिलं तर कंबर दिसते, बाजूने पाहिलं तर पोट मागे वर गेलेलं असतं. शहरातला पाहुणा म्हणतो, ‘अरेरे, किती बारीक!’ पण ते जंतांनी किंवा आजाराने खंगलेलं नसेल, तर कुत्र्याची खरी ठेवण तीच. लठ्ठ कुत्री बघून बघून आपली नजर बिघडलीय.

म्हणून हात वापरा. एका हाताची मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील, तर जनावर फार बारीक आहे. आता मूठ सोडा, पंजाच्या पाठीवरून हात फिरवा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. तळहातासारखं लागलं, दाबून शोधावं लागलं, तर वजन जास्त आहे. मांजराच्या पोटाखाली लोंबणारी कातडी मात्र नेहमी चरबीच असते असं नाही, तिथेही बरगड्याच तपासा.

यानं एवढं काय बिघडतं? 2002 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका वाढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणंच जड जातं.

आता हिशेब बघा. 10 किलोचं असायला हवं ते कुत्रं 13 किलोचं झालंय. वजन उतरवताना त्याला दिवसाला साधारण 400 उष्मांक द्यायचे असतात. चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळपास 100. आजी एक पोळी देते, ते आणखी 100. म्हणजे अर्धा दिवस संपला, आणि वाटीतलं जेवण अजून बाकीच आहे! घरातला प्रत्येक जण म्हणतो, ‘मी एवढंसंच देतो.’ म्हणून सकाळीच दिवसभराचं खाणं वजन करून एका डब्यात काढा. कोणीही द्यायचं ते त्यातूनच. डबा रिकामा झाला की विषय संपला. वरचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

नसबंदीनंतर गरज घटते आणि भूक वाढते, म्हणून माप तेव्हापासूनच कमी करा. त्या भीतीने नसबंदी टाळू नका. फिरवणं हवंच, पण सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात. नुसत्या फिरण्याने वजन उतरत नाही.

एका ताईंचा प्रश्न आलाय: ‘ते ताटाकडे बघत बसतं हो, घास उतरत नाही.’ खरंय. पण केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एक जनुकीय बदल असतो. त्यांचं पोट भरलं तरी नजर तीच राहते. काकडी द्या, गाजर द्या. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको.

कुत्र्याचं वजन आठवड्याला एक ते दोन टक्के उतरावं. म्हणजे 13 किलोच्या कुत्र्याला तीन ते सहा महिने लागतील. मांजराचं याहून सावकाश. आणि मांजराला कधीही उपाशी ठेवू नका. लठ्ठ मांजराने खाणं सोडलं, तर चरबी यकृतात साठून जीव जाऊ शकतो. एक दिवस जरी काही खाल्लं नाही, तरी डॉक्टरांकडे न्या. कुत्र्याचंही नेहमीचं जेवण नुसतं निम्मं करू नका, त्यात प्रथिनंही निम्मी होतात. थायरॉइडची तपासणी लागेल का आणि आहार कोणता, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी गेल्यावर आज एक काम करा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. उचलण्यापलीकडचं असेल, किंवा मांजर असेल, तर दवाखान्यातला काटा बरा. आकडा कॅलेंडरवर लिहा. दर महिन्याला त्याच तारखेला पुन्हा लिहा. तीन आकडे झाले की रेघ दिसायला लागेल, आणि डॉक्टरांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी पक्कं असेल.