गिरणी आणि कोठार

सांगलीहून बुधगांवच्या बाजूस निघालें म्हणजे वाटेंतच माधवनगर लागतें. कापडगिरणी आणि यंत्रमाग यांच्या योगें नांवारूपास आलेलें हें गांव. चालू मागांच्या छपराखालीं जो कधीं उभा राहिला असेल, त्याला तेथील खडखडाटाचें वर्णन सांगावयास नको. शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर त्याच्या कानाशीं तोंड न्यावें लागतें. आज घरोघरीं मुलांपुढें दिसणाऱ्या संगणकाचें कूळ शोधीत गेलें तर तें याच खडखडाटापाशीं येऊन पोंचतें, असें म्हटल्यास पुष्कळांस ती अतिशयोक्ति वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

साध्या कापडाचें विणकाम सोपें. ताण्याचे उभे धागे वह्यांमधून ओंवलेले असतात. एक वही उचलली कीं धाग्यांमध्यें फट पडते, तींतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो आणि फणी तो ठोकून बसविते. परंतु लुगड्याच्या कांठावर नक्षी हवी असली, तर कोणते धागे केव्हां उचलावयाचे याचा क्रम कोणीं तरी ध्यानांत ठेविला पाहिजे. यंत्रमागावर हें काम डॉबीकडे असतें. लांकडी पट्ट्यांची एक माळ, पट्टीला ओळीनें भोंकें आणि त्यांतल्या कांहीं भोंकांत खुंट्या. खुंटी असेल तेथें वही वर जाते, नसेल तेथें जात नाहीं. आहे किंवा नाहीं, एवढीं दोनच उत्तरें. खुंट्या बदलल्या कीं कांठ बदलतो. माग तोच राहतो.

फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार यानें इ. स. १८०४ मध्यें ही युक्ति फार पुढें नेली. त्यानें पुठ्ठ्याच्या सच्छिद्र कार्डांची माळ मागावर चढविली. त्यापूर्वीं रेशमी नक्षीच्या मागावर विणकराच्या जोडीला एक पोऱ्या लागत असे. दोऱ्या ओढून धागे उचलणें हें त्याचें काम. तो पोऱ्या बेकार झाला आणि ल्योंचे विणकर जकारवर खवळून उठले. ही हकीकत बहुधा अडाण्यांचा सुधारणेस विरोध म्हणून सांगण्यांत येते. आम्हांस तें पटत नाहीं. काल जी नक्षी माणसाच्या बोटांत आणि स्मरणांत होती, ती आज पुठ्ठ्यांत गेली, आणि ज्याचा पुठ्ठा त्याची नक्षी, हें त्या विणकरांनीं नेमकें ओळखलें होतें. हातमाग मोडून दुसऱ्याच्या यंत्रमागावर रोजानें जाण्याची पाळी ज्यांच्या घरीं आली, त्यांना हें समजावून द्यावें लागणार नाहीं.

हीं कार्डें अंकांच्या कामीं लावण्याची कल्पना चार्लस् बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची. त्या काळीं जहाजें हांकारण्यापासून ग्रहणें वर्तविण्यापर्यंत सारा व्यवहार छापील कोष्टकांवर चाले, आणि तीं कोष्टकें माणसें हातानें करीत. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. पंचांगाचें गणित ज्यांनीं घरांत होतांना पाहिलें असेल, त्यांना एक आंकडा चुकल्यानें पुढचें पान कसें बिघडतें हें ठाऊक असतें. १८२१ मध्यें कोष्टकें तपासतांना चुकांवर चुका पाहून बॅबेज वैतागला व गणिती यंत्राच्या नादीं लागला. १८३४ पासून त्यानें योजिलेल्या मोठ्या यंत्राचे दोन मुख्य भाग होते. आंकडे सांठविण्याच्या भागाला त्यानें नांव दिलें ‘कोठार’, आणि आंकडेमोड करणाऱ्या भागाला ‘गिरणी’! या गिरणीला हुकूम द्यावयाचे ते जकारच्या कार्डांनीं. एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ मध्यें या यंत्रावर टिपणें लिहिलीं; त्यांत तिनें जकारच्या मागाशींच त्याची तुलना केली आहे. जकारचें रेशमांत विणलेलें एक चित्र बॅबेजच्या संग्रहीं होतें. तें विणण्यास सुमारें २४,००० कार्डें लागलीं होतीं, आणि पाहणारे त्यास छापील चित्रच समजत. बॅबेज १८७१ मध्यें वारला. यंत्र अपुरेंच राहिलें.

पुढें १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीची मोजदाद हर्मन हॉलेरिथनें सच्छिद्र कार्डांवर केली. त्याच्या धंद्यांतूनच आय. बी. एम. कंपनी निघाली.

आपल्या प्रांतांत असें यंत्र प्रथम उभें केलें तें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें. रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तें बांधलें गेलें, १९६० मध्यें चालूं झालें आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. पण आम्हांस मौज वाटते ती त्याच्या कोठाराची. उभ्या आणि आडव्या तारा, आणि जेथें त्या एकमेकींस छेदतात तेथें ओंवलेलें चुंबकीय द्रव्याचें बारीकसें कडें. कड्याचें चुंबकत्व एका दिशेस असेल तर एक, उलट असेल तर शून्य. चाळीस-चाळीस अंकांचे २,०४८ शब्द, म्हणजे ऐंशी हजारांवर कडीं! ताणा आणि बाणा मुंबईच्या प्रयोगशाळेंतहि सुटला नव्हता.

१९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानला हवा असलेला क्रे कंपनीचा महासंगणक अमेरिकेनें दिला नाहीं. तो शस्त्रास्त्रांच्या कामीं लागेल ही तिची शंका. तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झालें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ मध्यें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच बलाढ्य गणक मिळेना, म्हणून ब्रिटिश बनावटीचे पुष्कळ लहान गणक जोडून काम वांटून दिलें. एकीनें पुरण वाटावें, दुसरीनें कणीक तिंबावी, तिसरीनें लाटावें, असाच हा प्रकार. पोळी लाटून तयार आणि तवा मात्र थंड, असें होऊं न देणें हीच त्यांतली खरी विद्या. मोठ्या घरच्या सासूबाईंना ती कोणीं शिकवावी लागत नाहीं.

आतां हें ऋण फिटूं लागलें आहे. नव्या पद्धतीच्या मागांवर डॉबी आणि जकार दोन्ही विजेवर चालतात. नक्षी पडद्यावर काढतात, आणि धागे उचलण्याचा हुकूम संगणक देतो. पट्टींत खुंट्या बसविणाऱ्याचें काम तेथें उरलेलें नाहीं. वहीफणी मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं माणूसच भरतो, एक एक धागा डोळ्यांत ओंवून.