ग्वादलाहाराचे स्फोट : वस्ती रिकामी का झाली नाही?

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील ग्वादलाहारा शहरात 22 एप्रिल 1992 रोजी जमिनीखालची गटारे एकामागून एक फुटली, कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि अधिकृत मोजणीनुसार दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पेमेक्स या सरकारी तेल कंपनीच्या पोलादी पेट्रोलवाहिनीला जस्ताचा मुलामा दिलेली जलवाहिनी टेकलेली होती. ओल्या मातीत दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले की विद्युत-रासायनिक क्रियेने धातू झिजतो, आणि त्या झिजेने पडलेल्या भोकातून पेट्रोल गटारात झिरपत राहिले. गटारांतून, अगदी घरातल्या नळांतूनही पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार रहिवासी आधीचे काही दिवस करत होते. तपासणीत स्फोटक वाफा आढळूनही वस्ती रिकामी करण्यात आली नाही, आणि हा अपराध गंजापेक्षा कितीतरी मोठा होता. महापौर व पेमेक्सचे काही अधिकारी अटकेत गेले, हालिस्कोच्या राज्यपालांना पद सोडावे लागले. खटले मात्र पुढे बारगळले.