महिना बाराशे रुपयांत नेपाळ-भूतान : एका प्रवासाचे अंदाजपत्रक

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. परंतु देशाटनाला पैसे किती लागतात, हे त्या निबंधात कोणी लिहीत नाही. परिणामी परदेशप्रवास म्हटला की तो विमानाने जाणाऱ्यांचा, असा आपला समज होऊन बसतो. मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडको या भागांतून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी एमआयडीसीतील एका पगारावर सगळे चालते. अशा घरातील मुलाने किंवा मुलीने 'मी महिनाभर शेजारच्या देशांत फिरून येतो' असे म्हटले, तर पहिला प्रश्न येणार तो पैशाचाच. त्या प्रश्नाला कागदावर उत्तर कसे द्यावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

दीर्घ प्रवास ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तर हिंदुस्थानात निघाले, ते हौस म्हणून नव्हे. घरी कर्ज होते आणि मथुरेला बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. पुढे ते बंडाच्या धामधुमीत सापडले. झांशीच्या पाडावात लूटही सोसावी लागली. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. 1923 मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी तिघे 1928 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. फार पैसा नसला तरी प्रवास होतो, पण वाटेत ठरवल्याप्रमाणे सारे घडतेच असे नाही. म्हणून अंदाजपत्रकात अडचणीचाही रकाना असावा लागतो.

कोणते देश?

खुष्कीच्या मार्गाने, कमी खर्चात आणि कमी कागदपत्रांत जाता येईल असे दोनच शेजारी देश आपल्यासमोर राहतात : नेपाळ आणि भूतान. श्रीलंकेसाठी आधी प्रवासपरवाना काढावा लागतो. 1964 च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त होईपर्यंत रेल्वे आणि बोट यांच्या जोडीने तिकडे जाता येत असे. नागपट्टणमहून जाफन्याकडील कांकेसंतुरै बंदरापर्यंतची बोटसेवा 2023 मध्ये सुरू झाली, परंतु हवामानामुळे तिच्यात खंड पडतो. बांगलादेशासाठी व्हिसा लागतो आणि ऑगस्ट 2024 मधील सत्तांतरानंतर तो मिळणे अवघड झाले. तेव्हा पहिल्या प्रवासाला नेपाळ-भूतान हेच बरे.

भारतीय नागरिकाला या दोन्ही देशांसाठी व्हिसा लागत नाही. नेपाळशी 1950 साली झालेल्या तहापासून ही मोकळीक चालत आली आहे. मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एक जवळ हवेच. आधार कार्डावर आपल्या वयाच्या माणसाने विसंबू नये. भूतानमध्ये ते प्रवेशासाठी चालत नाही. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होताच मतदारयादीत नाव घालणे हे नागरिकाचे कर्तव्य तर आहेच, शिवाय ती प्रवासाची पहिली पायरीही आहे. पासपोर्ट काढायचा झाल्यास साध्या छत्तीस पानी पासपोर्टाचे शुल्क 1500 रुपये आहे.

मार्ग

मुकुंदवाडीचे स्थानक लहान. तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे शहराच्या मुख्य स्थानकावरून मनमाड गाठावे. तेथून गोरखपूरला थेट गाडी मिळते. गोरखपूरहून बसने सोनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी जवळच आहे. आपल्या विद्यापीठामागील डोंगरात बुद्धलेणी आहेत, वेरूळ-अजिंठा तर जगप्रसिद्ध आहेत. त्या शिल्पांतील कथेचा आरंभ जेथे झाला, ते हे स्थळ. सम्राट अशोकाने उभारलेला स्तंभ तेथे अजून उभा आहे. परवानगी मागताना घरातील वडीलधाऱ्यांना काठमांडूपेक्षा लुंबिनीचे नाव अधिक जवळचे वाटेल, हेही लक्षात ठेवावे.

लुंबिनीहून पोखरा, तेथून काठमांडू आणि मग रात्रीच्या बसने पूर्वेकडील काकडभिट्टा. मेची नदी ओलांडली की आपण पुन्हा भारतात येतो. सिलिगुडीत एक-दोन दिवस विसावा घेऊन जयगावला जावे. तेथे एका कमानीच्या अलीकडे भारत आणि पलीकडे भूतानचे फुंटशोलिंग. पुढे थिंफू आणि पारो पाहून त्याच वाटेने सिलिगुडी आणि न्यू जलपाईगुडीहून रेल्वेने परत. अशा रीतीने एकच रस्ता दोनदा तुडवण्याचा प्रसंग कमीत कमी येतो.

खर्चाची मांडणी

आता मुख्य विषय. प्रवासाचा खर्च तीन भागांत विभागावा. पहिला भाग ठरीव खर्चाचा : रेल्वे, लांबच्या बसगाड्या, शुल्क. दुसरा दररोजच्या खर्चाचा : खोली, जेवण, गावातील फिरणे. तिसरा राखीव रकमेचा. ठरीव खर्च फारसा कमी होत नाही. काटकसरीला वाव आहे तो दुसऱ्या भागात.

तीस दिवसांचा आणि दोघांनी मिळून करावयाचा प्रवास धरू. पाच दिवस जाण्यायेण्याचे, अठरा नेपाळचे, दोन सिलिगुडीचे आणि पाच भूतानचे. पुढील आकडे एका माणसाचे असून मांडणीसाठी धरलेले आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येकाने ते ताज्या भावांनी तपासावेत.

रेल्वेच्या शयनयान वर्गाचे येण्याजाण्याचे भाडे 2000; त्या पाच दिवसांचे जेवण 1500; लांबच्या बसगाड्या 2500; सिलिगुडीचे दोन दिवस 1600. नेपाळमध्ये खोलीचा अर्धा वाटा 300, जेवण 300, फिरणे 200 आणि किरकोळ 100, असे दररोज 900 धरले तर अठरा दिवसांचे 16,200 होतात. भूतानमध्ये खोली, जेवण आणि वाहनाचा वाटा मिळून दररोज 1800, म्हणजे पाच दिवसांचे 9000. त्याखेरीज भूतान सरकार सप्टेंबर 2022 पासून भारतीय पर्यटकाकडून दर रात्रीचे 1200 रुपये विकास शुल्क घेते. चार रात्रींचे ते 4800 झाले. एकूण बेरीज 37,600 येते. त्यावर पंधरा टक्के राखीव, म्हणजे 5640. सगळे मिळून 43,240 रुपये.

हा आकडा पाहून पुष्कळजण येथेच वही मिटतील. त्यांनी जरा थांबावे. भूतानच्या पाच दिवसांना 13,800 रुपये लागतात. तेवढ्यात नेपाळमध्ये पंधरा दिवस राहता येते. भूतान गाळले तर राखीव रकमेसह खर्च 27,370 वर येतो. भूतान सुंदर आहे यात शंका नाही, पण तेथील शुल्क रात्रींवर मोजले जाते. म्हणून तेथे रेंगाळू नये, नेपाळात रेंगाळावे. अंदाजपत्रक मांडल्याशिवाय ही गोष्ट लक्षात येत नाही, आणि अंथरूण किती लांब आहे हे मोजल्याशिवाय पाय किती पसरावेत ते कळत नाही.

प्रथम वर्षापासून दरमहा बाराशे रुपये बाजूला टाकले तर तीन वर्षांत 43,200 जमतात. केवळ नेपाळसाठी महिना पावणेआठशे पुरतात. शिकवणी घेणारा किंवा सुटीत काम करणारा विद्यार्थी हे करू शकतो. ज्याच्या घरी ही रक्कम पुढील वर्षाच्या फीला लागणार आहे, त्याने मात्र आधी फी भरावी. हिमालय कोठेही जात नाही.

काही व्यावहारिक सूचना

चलनाचा हिशेब सोपा आहे. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी 1 रुपया 60 पैसे. हा दर 1993 पासून स्थिर आहे. म्हणून नेपाळी किंमत ऐकली की तिला 1.6 ने भागावे. अन्नपूर्णा परिसरात पायी हिंडण्यासाठी सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपयांचा परवाना लागतो, म्हणजे आपले 625. भूतानचे नुल्ट्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीचे आहे आणि तेथे आपला रुपयाही चालतो. मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने 2018 मध्ये बंदी घातली होती आणि त्याबाबतचे नियम बदलत असतात, तेव्हा शंभराच्या नोटा नेणेच श्रेयस्कर. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय दोन्ही देशांत काही ठिकाणी आहे, पण डोंगरातल्या खानावळीत तिच्यावर भिस्त ठेवू नये.

परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. सगळी रक्कम एका खिशात नसावी. घड्याळाकडेही लक्ष असावे : नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आणि भूतानचे अर्धा तास. बस चुकायला एवढा फरक पुरेसा होतो.

ऋतू निवडताना ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल उत्तम. परीक्षांमुळे ते जमणार नसेल तर परीक्षा संपताच निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतावे. पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये नेपाळात सिमलतालजवळ दरडीबरोबर दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत उसळलेल्या आंदोलनाच्या वेळी संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला आणि अनेक प्रवासी अडकून पडले. अशा वेळी चार-पाच दिवस जास्त राहावे लागले तर काय? वर धरलेल्या 5640 रुपयांचे खरे काम तेथे असते. ती रक्कम खर्च न होता परत आली तर आनंदच आहे, पण ती घेतल्याशिवाय निघू नये.

विद्यार्थिनींनी हा सारा विचार आपल्यासाठी नाही असे मानू नये. चौघीजणींचा गट असेल तर खोलीचा आणि वाहनाचा वाटा आणखी कमी होतो. रात्रीच्या बसऐवजी दिवसाची बस आणि मध्ये एक मुक्काम धरला तर खर्च दोनेकशे रुपयांनी वाढतो; तो आनंदाने वाढू द्यावा.

शेवटी एक सूचना. हे अंदाजपत्रक वहीच्या एका पानावर लिहावे : तारीख, गाव, मुक्काम, त्या दिवसाचा खर्च आणि घरी फोन करण्याची वेळ. ते पान घरी आई-वडिलांच्या हाती द्यावे. 'मला जायचे आहे' या हट्टाला नकार देणे सोपे असते. रकाने भरलेल्या कागदाला नकार देण्यापूर्वी माणूस तो निदान वाचतो. आणि वाचता वाचता तोच विचारतो, 'पोखऱ्यात चार दिवस कशाला, तीन पुरणार नाहीत का?' तो प्रश्न आला की परवानगी निम्मी मिळाली असे समजावे.