अंतर हरीण ठरवते

शिकारी असो, छायाचित्रकार असो की प्राणिगणना करणारा अभ्यासक, तिघांपुढे प्रश्न एकच असतो: हरणाच्या किती जवळ जायचे आणि डोळ्याला कोणती काच लावायची? या प्रश्नामागचे विज्ञान वैजापूरच्या माळावर उभे राहून समजून घेता येते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, वैजापूर तालुक्यात, रब्बीची ज्वारी निघाली की उघड्या रानात काळविटांचे कळप दिसू लागतात. लागूनच असलेल्या येवला तालुक्यातील ममदापूर परिसराला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा २०१४ मध्ये मिळाला. उत्तरेला कन्नडच्या डोंगरात १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. तिथल्या झुडपी रानात चिंकारा आणि रोही आढळतात. माळावर आडोसा जवळपास नसतोच. त्यामुळे माणसाला हरीण दिसते तेव्हा बहुतेक वेळा हरणाने माणसाला आधीच पाहिलेले असते. अशा ठिकाणी अंतराचा विचार केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.

आधी मान वर, मग धाव

स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९३० च्या दशकात एक गोष्ट नेमकेपणाने मांडली. धोका ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो, आणि हे अंतर मोजता येते. त्याला पलायन-अंतर म्हणता येईल. त्याच्याही आधी एक टप्पा येतो. चरणारे हरीण मान वर करते, कान आपल्याकडे वळवते आणि स्थिर उभे राहते. हे झाले सावध-अंतर. या दोन अंतरांच्या मधल्या पट्ट्यात हरीण हिशेब करत असते.

तो हिशेब कसला असतो, हे रोनाल्ड यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी १९८६ मध्ये दाखवले. पळण्याची किंमत असते: चरणे थांबते, शक्ती खर्च होते, कधी पिल्लू मागे राहते. थांबण्याचीही किंमत असते. ती जिवानिशी मोजावी लागू शकते. थांबणे महाग वाटू लागते त्या क्षणी प्राणी निघतो. म्हणूनच पलायन-अंतराचा एकच आकडा सांगता येत नाही. रोज औत हाकणाऱ्या शेतकऱ्याला कळप जवळ येऊ देतो. तेवढ्याच अंतरावर अनोळखी माणूस दिसला तर उधळतो. उभ्या गाडीकडे दुर्लक्ष करणारे हरीण गाडीतून माणूस खाली उतरताच निघून जाते.

हे ज्ञान विज्ञानाच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी वापरले. पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा आपल्याकडे शतकानुशतके होती. कोल्हापूर संस्थान तर त्यासाठी प्रसिद्ध होते. चित्त्याचा भरधाव वेग काही शेकडो मीटरच टिकतो, त्यामुळे त्याला कळपाच्या बऱ्याच जवळ नेऊन सोडावे लागे. त्यासाठी अनेक ठिकाणी चित्त्याला बैलगाडीत बसवून नेत. रोजच्या वहिवाटीतल्या बैलगाडीला हरणे बिचकत नसत, म्हणजेच बैलगाडीसाठी त्यांचे पलायन-अंतर कमी असे.

हरणाला आपण कसे दिसतो

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळे क्षितिज दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चरण्यासाठी मान खाली गेली की या प्राण्यांचे डोळे खोबणीत फिरतात आणि बाहुलीची आडवी फट जमिनीला समांतरच राहते. म्हणजे तोंड गवतात असले तरी पहारा चालूच असतो.

रंगांच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी आपल्याहून वेगळी आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तर खुरी प्राण्यांत साधारण दोन प्रकारच्या असतात. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की त्यांना लाल रंग नीट ओळखता येत नाही, निळा मात्र ठळक दिसतो. याचा सरळ अर्थ असा, की माळावर जाताना निळी जीन्स टाळावी. आणि कपड्यांपेक्षाही हालचाल महत्त्वाची. बारीक तपशील ओळखण्यात हरीण आपल्या मागे असेल, पण हललेली गोष्ट त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. कळप मोठा असेल तर पहारा करणारे डोळेही तितकेच जास्त. त्यातल्या एका मादीने उंच उडी घेतली की बाकीचा कळप पाठोपाठ उड्या घेत निघतो.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचे गणित

भारतात काळवीट आणि चिंकारा या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. स्कॉटलंडची परिस्थिती वेगळी आहे. तिथले लांडगे काही शतकांपूर्वी नामशेष झाले आणि तांबड्या हरणांची संख्या कायद्याच्या चौकटीत, गोळी घालून, नियंत्रणात ठेवावी लागते. तिथे किती अंतरावरून गोळी झाडावी यावर गांभीर्याने विचार होतो. त्यामागचे भौतिकशास्त्र आपणही समजून घ्यावे असे आहे.

सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेल्या गोळीला २०० मीटर जायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती ३० सेंटीमीटरहून अधिक खाली येते. हवेचा अडथळा धरला तर ३०० मीटरवर ही घसरण ८० सेंटीमीटरच्या पुढे जाते. म्हणजे ३०० मीटरवरचे हरीण २०० मीटरवर आहे असे समजून नेम धरला, तर गोळी अंदाजापेक्षा बरीच खाली लागणार. छातीतला मर्मभाग वीतभराचा असतो. तो चुकला की हरीण मरत नाही. पाय किंवा पोट फुटलेल्या अवस्थेत पळते आणि तासन्‌तास तडफडते. त्यात आडव्या वाऱ्याची भर पडते. म्हणून जबाबदार शिकारी गवतातून सरपटत शंभर-दीडशे मीटरपर्यंत जातो आणि तिथेही नेम पक्का नसेल तर गोळी झाडत नाही.

इथेच शक्तिशाली स्कोप फसवतो. नऊ किंवा बारा पट मोठे चित्र पाहिले की हरीण जवळ आल्यासारखे वाटते. पण भिंग फक्त चित्र मोठे करते. गोळीला कापावे लागणारे अंतर, तिला लागणारा वेळ आणि वारा यांत तसूभरही फरक पडत नाही.

निरीक्षकाचे तसे नसते. शिकाऱ्याला हरणापर्यंत गोळी पोहोचवायची असते. आपल्याला हरणाकडून येणारा प्रकाश तेवढा गोळा करायचा असतो, आणि तो आपणहून आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे पाहणाऱ्याने सावध-अंतराच्या आत पाऊल टाकण्याला कोणतेही शास्त्रीय कारण उरत नाही. योग्य दुर्बीण असली की झाले.

आठ की दहा?

दुर्बिणीवर ८ x ४२ असे छापलेले असते. पहिला आकडा चित्र किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. ३०० मीटरवर याचा अर्थ होतो सुमारे नऊ सेंटीमीटर. एवढ्यात हरीण आहे हे कळते. नर कोवळा आहे की पूर्ण वाढलेला, हे सांगणे अवघड जाते. आठ पट वाढवले की हीच मर्यादा एक सेंटीमीटरच्या आसपास येते. शिंगांचा पीळ, डोळ्याभोवतीचे पांढरे वर्तुळ, मादीच्या पोटाचा घेर हे सगळे तिथून दिसते.

मग दहा पट, बारा पट का नको? पहिले कारण हात. चित्राबरोबर हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो, आणि दहाच्या पुढे तिपाईशिवाय नजर ठरत नाही. दुसरे कारण प्रकाश. व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ x ४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १० x ४२ मध्ये ४.२. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, तेव्हा दोन्ही सारख्याच. पण हरणे चरतात ती पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. वय वाढले की ती पाचाच्या आसपासच थांबते. मंद उजेडात आठ पटीचीच दुर्बीण उजळ दिसते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्रगणना करणाऱ्या स्वयंसेवकांनी खरेदीआधी हा भागाकार जरूर करावा.

तिसरे कारण मराठवाड्याच्या जमिनीत आहे. मार्चनंतर सकाळी दहालाच काळी माती तापते आणि तिच्यावरची हवा लहरू लागते. त्या लहरीतून बारा पट मोठे केलेले चित्र नुसते उकळताना दिसते. तिथे महागडी काचही उपयोगाची नाही. लवकर जावे हेच खरे. चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डोळा मागच्या भिंगापासून १५ मिलिमीटर किंवा जास्त दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशी दुर्बीण निवडावी.

मोजणीत अंतर चुकले तर

हरणे मोजण्यासाठी वनविभाग आणि संशोधक लाइन ट्रान्सेक्ट पद्धत वापरतात. ठरलेल्या सरळ रेषेवरून चालायचे, कळप दिसला की त्याचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन नोंदवायचा. कळप १८० मीटरवर, ३० अंशांच्या कोनात असेल तर रेषेपासून त्याचे लंब-अंतर ९० मीटर भरते. अशा अनेक नोंदींवरून दूरचे किती कळप नजरेतून सुटले असतील याचा अंदाज बांधून प्रति चौरस किलोमीटर संख्या काढतात.

या गणिताची एक अट आहे: हरीण मुळात जिथे होते तिथलीच नोंद व्हायला हवी. निरीक्षकाची चाहूल लागून कळप आधीच दूर सरकला आणि मग दिसला, तर रेषेजवळच्या नोंदी घटतात आणि संख्या खऱ्यापेक्षा कमी निघते. म्हणजे हरणाचे सावध-अंतर माहीत नसेल तर गणनाच चुकते. अंतर मोजायला आता लेझर रेंजफाइंडर मिळतात. अवरक्त प्रकाशाचा झोत हरणापर्यंत जाऊन परत येतो; १५० मीटरसाठी त्याला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो.

यंत्र नसले तरी अडत नाही. पूर्ण वाढलेल्या काळविटाची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेंटीमीटर असते. हात लांब केला की करंगळीचे नख डोळ्यापासून साधारण ६० सेंटीमीटरवर येते आणि त्याची रुंदी भरते सुमारे एक सेंटीमीटर. हरणाची उंची नखाच्या रुंदीएवढी दिसली तर ते ५० मीटरच्या आत आहे. निम्मी दिसली तर शंभराच्या आसपास, पाव दिसली तर दोनशेच्या. आपला हात आणि नख एकदा टेपने मोजून घेतले की अंदाज आणखी पक्का होतो.

धावेची किंमत

फोटोसाठी दुचाकी माळात घालणारी मुले आता गावोगाव दिसतात. मोबाइलची काच रुंद कोनाची असते. तीत हरीण मोठे दिसत नाही, म्हणून माणूस पुढे सरकतो. काळविटाची मादी पहिले काही दिवस पाडसाला गवतात लपवून ठेवते आणि पाजायला परत येते. सारखी उधळली तर तिचे येणे लांबते. उन्हाळ्यात पाणी दूर असताना केलेली प्रत्येक धाव शरीरातले पाणी खर्च करते. शिवाय या रानात कठडे नसलेल्या विहिरी आहेत, तारेची कुंपणे आहेत आणि वैजापूर तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. घाबरलेला कळप यातले काहीच पाहून पळत नाही.

वैजापूर, गंगापूर, कन्नडच्या शाळा-महाविद्यालयांनी एक साधी नोंदवही सुरू करावी: तारीख, वेळ, कळपातली संख्या, आपण पायी होतो की गाडीत, आणि मान वर झाली तेव्हाचे अंतर. मान वर झाली की तिथेच थांबायचे आणि मागे फिरायचे. पळायला लावून पलायन-अंतर मोजण्याची गरज नाही. काही वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, तर कोणत्या शिवारात हरणे निर्धास्त आहेत, कुठे त्यांचा भरवसा उडाला आहे आणि गणनेचे आकडे कुठे तपासून घ्यायला हवेत, हे वनविभागाला पुराव्यानिशी सांगता येईल. त्यासाठी लागते ती पहाटे उठण्याची तयारी, एक आठ पटीची दुर्बीण आणि स्वतःच्या करंगळीचे माप.