रावसाहेब मंडलिक: छापखान्यातून कौन्सिलात

विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) हे दापोलीजवळच्या मुरूडचे. वकिली करत असतानाच त्यांनी १८६४ मध्ये मुंबईत ‘नेटिव्ह ओपिनियन’ काढले. साप्ताहिक इंग्रजी, पण पुढे त्यात मराठी मजकूरही छापला जाऊ लागला. म्हणजे साहेब आणि रयत, दोघांनाही एकाच अंकात ऐकवायची सोय. १८७४ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले, १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या. निवडणूक नव्हे, सरकारी नेमणूक. १८८० मध्ये त्यांनी नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. विधवाविवाहाला मात्र या विद्वान माणसाचा विरोधच राहिला.